शेवटचे पाणी
(ऊस विकास विभागाकडून)



मार्गशीर्ष लागला, पहाटे उसाच्या पानावर दव दिसू लागले, की आमच्या शेती विभागात एकच प्रश्न दहा तोंडांनी येतो. "सायेब, ऊस पार थांबलाय. महिना झाला, एक कांडं वाढंना. एखादं पोतं युरिया टाकू का?" कोणी गटऑफिसात येऊन विचारतो, कोणी काट्यावर गाठतो, कोणी लग्नात जेवणाच्या पंगतीत. वीस वर्षे मी एकच उत्तर देत आलो आहे, की टाकू नका, ऊस थांबलेला नाही. उत्तर दिले म्हणजे ते पटते असे नाही, याचाही मला तितक्याच वर्षांचा अनुभव आहे. म्हणून या अंकात जरा विस्ताराने लिहितो. त्यात शेती विभागाकडून, नेमके सांगायचे तर माझ्याकडून, जी कसूर झाली तीही लिहिणार आहे. ती लपवून तुम्हाला उपदेश करणे बरे दिसणार नाही.

पावसाळ्यात आणि पुढे दसऱ्यापर्यंत ऊस अंगाने वाढतो. पानात उन्हावर साखर तेव्हाही तयार होतच असते. पण उकाडा, ओल आणि नत्र भरपूर असले की ती शिल्लक राहत नाही. नवे पान काढ, नवे कांडे काढ, मुळी सोड, यातच खर्च होते. घर बांधायला काढलेल्या माणसाच्या हातात पैसा टिकत नाही, तसेच हे. रात्रीचा गारठा वाढला आणि रानातली ओल कमी झाली म्हणजे वाढीचा हा खर्च थांबतो. दिवसा ऊन मात्र स्वच्छ असते, पाने आपले काम करीत असतात. मग तयार झालेली साखर जाणार कोठे? ती कांड्यात उतरते. वाढीच्या दिवसांत साखर फोडून तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज करणारे विकर उसाच्या कांड्यात जोरात असते, त्याचाही जोर या दिवसांत ओसरतो. उसाची उंची वाढत नाही म्हणून आपल्याला वाटते तो झोपला. वास्तविक अकरा-बारा महिने ज्यासाठी आपण पाणी पाजले ते काम तो या दोन-अडीच महिन्यांत उरकत असतो.

गुऱ्हाळ चालवणाऱ्या जुन्या मंडळींना हे कोणी शिकवावे लागले नाही. कोवळ्या उसाचा रस कितीही आटवला तरी गूळ बसत नाही, ढेप चिकट राहते, हे गुळव्या चुलाणापाशी उभा राहून सांगत असे. त्याच्याजवळ यंत्र नव्हते, पण काहिलीतला रस पाहून ऊस कोणत्या रानातला आणि कितपत भरलेला, हे तो ओळखायचा. न फुटलेली साखर कमी आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज जास्त, असा रस दाणा धरीत नाही, हे त्यामागचे कारण. गुळव्याच्या काहिलीत जे होते तेच आपल्या पॅनमध्ये होते. फरक इतकाच, की तिथे नुकसान एका ढेपेत दिसे, इथे ते हजारो टनांत मिसळून जाते आणि कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाही.

ऊस बुडाकडून शेंड्याकडे भरत जातो. म्हणून आमचे शेती मदतनीस हातातला रिफ्रॅक्टोमीटर घेऊन येतात तेव्हा एकाच उसाचे दोन ठिकाणचे थेंब घेतात, एक बुडाचा, एक शेंड्याकडचा. बुडाचा ब्रिक्स 21 आणि शेंड्याचा 15 निघाला तर बुडाचा आकडा पाहून हुरळू नये. अर्धा ऊस अजून कोवळा आहे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे झाले म्हणजे ऊस पक्व झाला. शेंड्याचा आकडा बुडाच्या पुढे गेला तर समजावे की उशीर झाला, बुडाची साखर आता फुटू लागली. पुष्कळ सभासदांना वाटते की हे यंत्र फक्त साहेब लोकांचे आहे. तसे काही नाही. गटऑफिसात सांगा, मदतनीस तुमच्या रानात येईल, थेंब तुमच्यासमोर पाडील आणि काचेतून तुम्हालाच पाहू देईल. निदान एकदा पाहाच. डोळ्यांनी पाहिलेला आकडा माझ्या दहा भाषणांपेक्षा लवकर पटतो.

तुऱ्याविषयी दोन शब्द. नोव्हेंबर-डिसेंबरात तुरा निघाला की घबराट उडते. तुरा आला म्हणजे वाढ संपली हे खरे, पण साखर लगेच घटत नाही. साधारण दोन महिने वेळ असतो. त्यापुढे मात्र दशी पडते, डोळे फुटून पांगशा निघतात आणि वजनही घटते. म्हणून तुरा आलेले फड आम्ही तोडीत पुढे घेतो. त्यावरून "त्याचा माझ्या आधी कसा?" अशी तक्रार दरसाल येते. ती करण्यापूर्वी त्या फडाचा शेंडा एकदा बघून यावा.

आता पाण्याचा मुद्दा. माझे खरे लिहिणे यासाठीच आहे.

तोडीपूर्वी भारी काळ्या रानात तीन आठवडे व हलक्या रानात दहा-बारा दिवस पाणी बंद ठेवावे, असे आम्ही सांगतो. ओल कमी झाली की वाढीचा उरलासुरला जोर जातो आणि शेंड्याकडची कांडी भरतात. रान कठीण झाले म्हणजे ट्रॅक्टर रुतत नाही, बुडखे चेंगरत नाहीत, मोळीला चिखल लागत नाही. हे सगळे सभासद जाणतात. तरी टोळी शेजारच्या फडात आली की रात्री मोटार सुरू होते. का होते, हेही मला ठाऊक आहे. शेवटचे पाणी दिले की काट्यावर वजन थोडे वाढते. मी खोटे सांगणार नाही, वाढते. ज्याने पाणी दिले त्याचा त्या खेपेपुरता फायदा होतो.

पण पैसा कशावर मिळतो ते पाहा. एफआरपी ठरते ती कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर, तुमच्या एकट्याच्या उसावर नव्हे. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने 10.25 टक्के उताऱ्याला टनास 3,550 रुपये दर ठरवला. त्यावर प्रत्येक 0.1 टक्का उताऱ्यास टनामागे 34 रुपये 60 पैसे वाढतात आणि उतारा घसरला तर 9.5 टक्क्यांपर्यंत तितकेच कमी होतात. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाचे एका दशांशाला 3,460 रुपये होतात. उतारा अर्ध्या टक्क्याने खाली आला तर 17,300 रुपये. तोडणी-वाहतूक तर यातून आधीच वजा व्हायची असते. एकाने रात्री मोटार चालवून जे पाणी उसात भरले ते कारखान्यात आल्यावर आम्ही बगॅस जाळून आटवतो. त्याने मिळवलेले वजन त्याचे एकट्याचे, घटलेला उतारा मात्र सगळ्यांचा. ज्या शेजाऱ्याने सांगितल्याप्रमाणे पाणी तोडले त्याच्या साखरेतला वाटा पाणी देणाऱ्याला मिळतो आणि पाणी देणाऱ्याच्या घटीतला वाटा या बिचाऱ्याला. सहकारात सरासरी ही गरिबाच्या सोयीची गोष्ट आहे. अर्धा एकरवाल्याचा ऊस वेगळा तपासून वेगळा दर द्या म्हटले तर तोच आधी मरेल. पण सरासरीला ही एक खोट आहे आणि ती कायद्याने जात नाही.

नोंदीच्या तारखेचेही असेच. सुरू लागण 15 डिसेंबर ते 15 फेब्रुवारी, पूर्वहंगामी 15 ऑक्टोबर ते 15 नोव्हेंबर, आडसाली 15 जुलै ते 15 ऑगस्ट, या वेळा आपणास तोंडपाठ आहेत. तोडीचा क्रम लागणीच्या तारखेवर लागतो, म्हणून लागण जानेवारीची आणि नोंद डिसेंबरची, असे प्रकार होतात. महिनाभर आधी तोड मिळाली म्हणजे जिंकलो असे वाटते. प्रत्यक्षात उसाच्या पदरचे भरायचे दिवस आपणच कापून घेतलेले असतात. जातीचाही विचार तोच. कोसी 671 लवकर पक्व होणारी, तिला हंगामाच्या तोंडी आणले तर शोभते. को 86032 व को एम 0265 यांना थंडी अंगावरून जाऊ द्यावी लागते. को एम 0265 वजनाला चांगली म्हणून आपल्याकडे पुष्कळांनी लावली आहे, माझी तक्रार नाही. फक्त तिची तोड दिवाळीच्या पाठोपाठ मागू नका.

आता माझी कसूर.

ओढ्याच्या अलीकडे आपले एक जुने सभासद आहेत, मी त्यांना आबा म्हणतो. दोन एकर भारी काळे रान. 2020 च्या नोव्हेंबरात त्यांनी पूर्वहंगामी लागण केली. 2021-22 च्या हंगामात तोडीची तारीख मी स्वतः त्यांना कागदावर लिहून दिली, 20 जानेवारी. त्याप्रमाणे त्यांनी 1 जानेवारीला पाणी तोडले. तो हंगाम आपण विसरला नसाल. राज्यभर ऊस इतका झाला होता की काही कारखान्यांची धुराडी 2022 च्या जूनपर्यंत चालू होती. टोळ्या अपुऱ्या पडल्या, काही अर्ध्यातून निघून गेल्या. क्रम पुढे पुढे सरकत गेला आणि मी कागदावर लिहिलेली तारीख तशीच राहिली. आबांकडे टोळी आली 9 मार्चला. जवळजवळ सत्तर दिवस त्या रानाला पाणी नव्हते. भेगांत मनगट जाईल अशी जमीन उलली होती. शेंडे वाळले, एकरी नऊ टन वजन कमी भरले, आणि मागचा खोडवाही निम्मा फुटलाच नाही, सरीला दोन-दोन हात नांग्या.

मधल्या काळात आबा दोनदा ऑफिसात आले होते. "टोळी कवा?" एवढेच विचारून गेले. "चार दिवसांत" असे मी दोन्ही वेळा सांगितले. "तोवर एक हलके पाणी द्या" हे सांगायला मला सुचले नाही, कारण चार दिवसांत टोळी येणार असे मलाही वाटत होते. काट्याची पावती घेऊन ते तिसऱ्यांदा आले तेव्हा मला वाटले आता भांडतील. भांडले नाहीत. म्हणाले, "सायेब, तुम्ही म्हणला म्हणून पाणी तोडलं. शेजाऱ्यानं तुमचं ऐकलं न्हाई, त्येचं बरं झालं."

यावर काय बोलणार? मी खुर्ची दिली, चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही.

त्यानंतर आम्ही तारीख कागदावर लिहून देणे बंद केले. आता पाणी तोडण्याचा सांगावा टोळी पाहून दिला जातो, पंचांग पाहून नव्हे. आपल्या गटात टोळी कोणत्या फडात आहे, पुढे किती एकर आहे, हे चिटबॉयने दर आठवड्याला गटऑफिसच्या फळ्यावर लिहायचे असते. त्यावरून तुमचा नंबर वीस दिवसांवर आला की तो घरी येऊन सांगेल. तोवर पाण्याची नेहमीची पाळी चालू ठेवा. पाणी तोडल्यावर काही कारणाने तोड लांबली आणि रान उलू लागले तर एक सरी आड हलके पाणी द्यावे, पूर्ण भिजवू नये. ठिबकवाल्यांनी एकदम बंद न करता वेळ कमी कमी करीत आणावी. फळा कोरा दिसला तर माझ्याकडे तक्रार करा, आणि माझ्याकडून दाद लागली नाही तर माझी तक्रार वर करा. टोळीला खुशाली देऊन नंबर पुढे ओढणाऱ्यांविषयी मी इथे लिहीत नाही, तो वेगळाच विषय आहे. पण फळ्यावर क्रम उघडा लिहिला की तेही जरा अवघड होते, एवढे दिसून आले आहे.

ऊस गेल्यानंतर रानाची थंडी सुरू होते. खोडवा ठेवायचा तर 15 फेब्रुवारीपर्यंत तुटलेल्या उसाचाच ठेवावा. पुढे उन्हाचा तडाखा येतो आणि फुटव्याला वेळ मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत तुटलेल्या फडात फुटवा सावकाश येतो, त्याने घाबरू नये. जमिनीखालचे डोळे जिवंत असतात, गारठ्याने दबलेले असतात इतकेच.

आमच्या घरी वडील दरसाल पाचट पेटवीत. पदविका घेऊन आलो तेव्हा मी पुस्तकातले सगळे सांगितले. ते म्हणाले, "पेटवल्यावर फुटवा जोरात येतो, तुझं पुस्तक ऱ्हाऊ दे." त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते, पेटवलेल्या रानात कोंब खरोखर आधी दिसतात. मला ते उलगडायला दोन हंगाम लागले. जोर राखेचा नसतो. पाचट गेल्यामुळे बुडख्यांवर ऊन पडते, माती तापते आणि दबलेला डोळा जागा होतो. मग बुडखे उघडे करायला रान कशाला जाळायचे? पाचट सरीत दाबावे, बुडखे मोकळे ठेवावेत, धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत. कोंब तितकेच लवकर येतात. हे त्यांना पटले, पण एक पाचट पेटल्यानंतर. वाऱ्याने ठिणगी उडून शेजाऱ्याचा उभा ऊस पेटला. जळीत ऊस म्हणून त्याला कपात बसली. ती वडिलांनी घरात न बोलता भरून दिली.

हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. त्यातून चाळीस-पन्नास किलो नत्र आणि पाऊणशे ते शंभर किलो पालाश मिळते, शिवाय सेंद्रिय खत तीन-चार टन होते ते वेगळे. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची शिफारस टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट व एक किलो कुजवणारे जिवाणू अशी आहे. नंतर पाणी द्यावे. रासायनिक खत पाचटावर फेकू नये. वाफशावर पहारीने बुडख्यापासून वीतभराच्या आत भोक घेऊन त्यात घालावे, पहिला हप्ता पंधरा दिवसांत व दुसरा 135 दिवसांनी समोरच्या बाजूला. पाचट असले की पाण्याची पाळीही लांबते. उन्हाळ्यात कॅनॉल उशिरा सुटला तर त्या आठ दिवसांचे मोल कळते.

ज्यांना खोडवा मोडायचा आहे त्यांनी मातीचा नमुना याच दिवसांत, खत पडण्यापूर्वी काढावा. ज्यांची सुरू लागण आहे त्यांनी थंडीत उगवण उशिरा होते हे धरून चालावे. पंधरा दिवस झाले, कोंब नाही, म्हणून रान उकरून टिपरी बघण्याची सवय वाईट. बेणे नऊ ते अकरा महिन्यांचे, मळ्यात वाढवलेले घ्या, कारखान्याला जाणाऱ्या उसातले निवडू नका. रोपवाटिका केली असेल तर ट्रे प्लॅस्टिकने झाकून ऊब धरावी.

आणखी एक विनंती. आपल्या फडाशेजारी कोप्या घालून राहिलेली माणसे पहाटे चारला, तुम्ही-आम्ही गोधडीत असताना, दवाने भिजलेला ऊस तोडायला उभी राहतात. त्यांच्या पोरांना मोटारीच्या खोलीपाशी पाणी भरू द्या, जळणाला हरकत घेऊ नका.

सोमवारी सकाळी आबांच्या रानात जाऊन आलो. यंदा नवी लागण आहे, को 86032. पाच ठिकाणचे थेंब घेतले, बुडाला 21, शेंड्याला 18. आणखी पंधरा-वीस दिवस हवेत. पाणी अजून तोडलेले नाही. आबा म्हणाले, "टोळी कुठवर आलीया?" मी सांगितले, ओढ्यापलीकडे, अजून चौदा एकर. त्यांनी काचेतून स्वतः पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "बरं. तुम्ही सांगशीला तवा तोडतो पाणी," म्हणाले.

टोळी ओढा ओलांडायच्या आधी तो सांगावा द्यायला हवा. यावेळी चिटबॉयला पाठवणार नाही, मी स्वतः जाणार आहे.

— ऊस विकास अधिकारी